एका गुणाने हरलेला संघ आणि ताईचं कोरं पान

पत्राचा सारांश: पत्रलेखिका 20 वर्षांची आहे, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. शाळेपासून ती खो-खो खेळायची. 18 वर्षांखालच्या मुलींच्या गटात जिल्ह्याच्या संघातून राज्य स्पर्धेलाही गेली होती. गेल्या वर्षी खांबाजवळ वळताना गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली. खेळ थांबला तेव्हा तिच्या जुन्या शाळेतल्या सरांनी 14 वर्षांखालच्या मुलींचा संघ तिच्याकडे सोपवला. रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात सराव. यंदा हा संघ तालुका स्पर्धेच्या दुसऱ्याच फेरीत एका गुणाने हरला. एक पालक तिला म्हणाले, "आता खो-खोचा वर्ल्ड कप असतो, मुलींना जरा नीट शिकवा." त्या दिवशी ती सगळ्यांसमोर जिच्यावर ओरडली, ती संघातली सर्वांत चांगली पळणारी मुलगी तेव्हापासून सरावाला आलेली नाही. कॉलेजच्या क्रीडा विभागाने तिला 'प्रशिक्षक म्हणून वर्षभरात मी काय शिकले' यावर दोन पानं लिहून मागितली आहेत. ती लिहिते, "पान कोरंच आहे. मी फक्त आमच्या सरांसारखं ओरडायला शिकले. घरचे म्हणतात, हे सोड आणि स्पर्धा परीक्षेला बस. सोडू का?"

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात त्या सामन्यावर जवळजवळ पानभर मजकूर आहे. शेवटच्या डावात पळणाऱ्या तिघींच्या कोणत्या तुकडीने किती वेळ काढला, कुणाचा खो फाऊल ठरला, कोणती मुलगी खांबाजवळ सापडली, सगळं आहे. आणि लगेच पुढच्या ओळीत तू म्हणतेस की वर्षभरात मी काहीच शिकले नाही. खेळत होतीस तेव्हा तुला तुझ्या मागे धावणारी मुलगी दिसायची, फार तर पुढच्या दोन पाट्यांवर, म्हणजे मैदानातल्या आडव्या पट्ट्यांवर, बसलेल्या दिसायच्या. आज मैदानाबाहेर उभी राहून तू आक्रमणातल्या नऊजणी आणि पळणाऱ्या तिघी एकाच वेळी पाहतेस आणि घरी जाऊन तो डाव आठवून लिहू शकतेस. ही नजर तुला या वर्षाने दिली. तुझ्या लक्षात आलं नाही, कारण ती हळूहळू आली.

त्या कोऱ्या पानाकडे मी नंतर येते. आधी तुझ्या पत्रातल्या एका समजुतीविषयी बोलू या. संघ जिंकला तर माझी वाढ झाली, हरला तर झाली नाही, असं तू धरून चालली आहेस. तू ते कुठे स्पष्ट लिहिलेलं नाहीस, पण प्रत्येक वाक्याखाली तेच आहे.

एक गुण म्हणजे बाद केलेला एक गडी. तो एक गडी का मिळाला नाही याची कारणं तुझ्याच पत्रात विखुरलेली आहेत. समोरच्या शाळेच्या संघात आठवीच्या मुली जास्त, तुझ्या संघात सहावी-सातवीच्या. त्या वयात हा फरक मोठा असतो. काही महिन्यांत पाय लांब होतात, उंची वाढते, आणि काही काळ मुलीला स्वतःच्याच शरीराचा अंदाज येत नाही. गेल्या वर्षी सहज हूल देणारी मुलगी यंदा वळताना अडखळते. तिने सराव केला नाही किंवा तू शिकवलं नाहीस, असं त्यामागे असेलच असं नाही. त्यात ड्रॉ कसा निघाला, मैदान ओलं होतं का, पंचांनी एखादा फाऊल कसा पाहिला, हेही आहेच. निकालात तुझा वाटा आहे, पण तो अनेकांतला एक आहे.

निकालाला किंमत नाही असं मी अजिबात म्हणत नाही. मुलींना जिंकायचं असतं आणि त्यांना जिंकायला मदत करणं हे तुझं कामच आहे. माझी काळजी वेगळी आहे. तुझी वाढ झाली की नाही हे त्यांच्या गुणांवर ठरणार असेल, तर त्यांनी जिंकणं ही तुझी गरज होऊन बसते. मग बारा-तेरा वर्षांच्या मुली मैदानात उतरताना आपल्या खेळाबरोबर तुझी शस्त्रक्रिया, तुझा अर्धवट राहिलेला खेळ आणि त्या पालकांचं बोलणंही घेऊन उतरतात. त्यांना ते कुणी सांगत नाही, पण कळतं. ताईचा चेहरा त्या बरोबर वाचतात.

तुझं ओरडणंही मला इथूनच सुरू झालेलं वाटतं. तू लिहितेस की जूनमध्ये मी असं ओरडत नव्हते, स्पर्धा जवळ आली तसा आवाज वाढत गेला. सरांची नक्कल हे अर्धंच कारण असेल. उरलेलं अर्धं कारण असं की बाहेर उभं राहून तुला त्या एका गुणापर्यंत पोचायचं होतं आणि पाय तर मैदानात नेता येत नव्हते, म्हणून आवाज गेला. 'मी असते तर तिथून डावीकडे निघाले असते' असं तू दोनदा लिहिलं आहेस. हे खेळाडूचं वाक्य आहे. ते वाईट नाही, त्यात दुःख आहे, आणि त्या दुःखाला तू अजून नीट जागा दिलेली दिसत नाहीस. ऐन विशीत खेळ थांबतो तेव्हा माणसाची रोजची संध्याकाळ, मैत्रिणी, गावातली ओळख, सगळंच हलतं. सरांनी संघ हातात दिला म्हणून ती पोकळी लगेच भरली, पण तिच्याकडे पाहायचं राहून गेलं.

गुडघ्याबद्दल दोन वाक्यं. अशा शस्त्रक्रियेनंतर झटपट वळण्याच्या खेळात निदान नऊ महिने तरी परतू नये असं डॉक्टर साधारणपणे सांगतात, आणि त्यानंतरही पायाची ताकद तपासूनच परवानगी देतात. खेळ कायमचा संपला असं तुला कुणी सांगितलं आहे, की तूच ठरवलं आहेस? पत्रावरून ते कळत नाही. फिजिओथेरपिस्टला सरळ विचार. आणि परवानगी मिळेपर्यंत मुलींना सूर मारून दाखवायचा मोह टाळ.

आता खुद्द ओरडण्याबद्दल. नैतिक बाजू बाजूला ठेवली तरी खो-खोत ते खेळालाच अडथळा ठरतं. खो देणाऱ्या मुलीने मागून हात लावून मोठ्याने 'खो' म्हणायचं असतं, आणि बसलेल्या मुलीने तो मिळाल्यावरच उठायचं असतं. आधी हलली तर फाऊल. म्हणजे पाटीवर बसलेल्या मुलीचं सगळं लक्ष कान आणि पाठ यांत असतं. नेमक्या त्याच क्षणी बाहेरून 'ऊठ, ऊठ, डावीकडे!' असा आवाज आला तर ती कुणाचं ऐकणार? पळणाऱ्या मुलीचंही तसंच. आक्रमकाने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत ती बदलता येत नाही आणि तिला बसलेल्यांच्या मधून आरपारही जाता येत नाही. पळणारीला दोन्ही करता येतं. तिचा सगळा फायदा या फरकात आहे आणि तो घ्यायचा तर समोरच्या मुलीचे खांदे आणि पाय पाहून तिने स्वतः क्षणात ठरवायचं असतं. तुझी सूचना तिच्यापर्यंत पोचेस्तोवर तो क्षण निघून गेलेला असतो. वर्षभर बाहेरून सूचना ऐकलेली मुलगी सामन्यात, गर्दीच्या गोंगाटात, आपल्या ताईचा आवाज शोधत बसते. तुझ्या शेवटच्या तुकडीतली मुलगी खांबाजवळ 'एकदम थांबली' असं तू लिहिलं आहेस. ती का थांबली असेल, याचा एकदा या बाजूनेही विचार कर.

मग ओरडायचं नाही तर करायचं काय? रमाकांत आचरेकर सरांचा किस्सा महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक आहे. ते स्टंपवर नाणं ठेवायचे. जो सचिनला बाद करेल त्याला नाणं, आणि सचिन शेवटपर्यंत टिकला तर नाणं त्याचं. हा किस्सा आपण सचिनच्या कौतुकासाठी सांगतो, पण त्यात शिकवण्याची एक रीत आहे. 'लक्ष दे' असं शंभरदा ओरडण्याऐवजी सरांनी लक्ष द्यावंच लागेल अशी परिस्थिती उभी केली. तुझ्या मैदानावरही हे जमेल. खांबाजवळ मुली सापडतात ना? मग एका खांबाजवळच्या चारच पाट्या घे, दोघींना पळायला लाव आणि जी मुलगी जास्त वेळ टिकेल तिने पुढच्या फेरीचे नियम ठरवायचे असं सांग. खो वेळेवर जात नसेल तर एक अख्खा डाव असा खेळव की मैदानात 'खो' सोडून दुसरा शब्द ऐकू येता कामा नये, आणि त्यात तुझाही आवाज आला. डाव संपल्यावर मुलींना गोलात बसवून एकच प्रश्न विचार: "तिथे तुला काय दिसलं?" मग थांब. पहिले काही दिवस त्या गप्प बसतील किंवा तुला आवडेल असं उत्तर देतील. थोडी कळ काढ.

सरांबद्दल तू फार आदराने लिहितेस आणि लगेच पुढे म्हणतेस, "ते ओरडले म्हणून तर मी राज्यापर्यंत गेले." कदाचित तसं असेलही. पण सरांनी तुला पाट्या आखायला शिकवलं, स्पर्धेला जायला पैसे कमी पडले तेव्हा ते उभे राहिले, घरी येऊन वडिलांना समजावलं, हेही तूच लिहिलं आहेस. राज्यापर्यंत तुला यांतल्या कशाने नेलं? आणि तुझ्याबरोबर पाचवीत मैदानावर आलेल्या, आवाजाला घाबरून सातवीत सोडून गेलेल्या मुली कोण होत्या, आठवतात का? ओरडण्याने घडलेल्यांच्या गोष्टी आपल्याला ऐकायला मिळतात, कारण त्या मुली मैदानावर टिकल्या. गेलेल्यांना कुणी विचारत नाही. सरांचं बाकी सगळं घेऊन एवढी एक गोष्ट तू मागे ठेवलीस तर त्यात त्यांचा अपमान नाही.

हे लिहिताना मला तुझी न येणारी मुलगी डोळ्यांसमोर आहे. तिच्याबद्दल तू फार थोडं लिहिलंस, आणि मला वाटतं ती जागा सर्वांत दुखरी आहे म्हणून. तिच्या घरी जा. सराव सुटल्यावर घाईत नको, रविवारी सकाळी सवडीने जा. आईसमोर आधी तिच्या खेळाचं खरं खरं सांग, काय चांगलं आहे ते नेमक्या शब्दांत. मग तिच्याशी एकटीशी, पण घरातल्यांच्या नजरेसमोर, ओसरीवर बसून बोल. "त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले, ते चुकलं" एवढं म्हण. त्याला 'पण' जोडू नकोस. स्पर्धा होती, मला ताण होता, हे तिला सांगायची गरज नाही. मग विचार की सरावाला येताना सगळ्यांत अवघड काय जातं.

उत्तर तुझ्या ओरडण्याबद्दलच असेल असं गृहीत धरू नकोस. या वयात मुली मैदान सोडतात त्याची कारणं बरीच असतात आणि ती त्या आपणहून सांगत नाहीत. पाळी नुकतीच सुरू झालेली असते, शाळेचं स्वच्छतागृह संध्याकाळी कुलूपबंद असतं आणि पॅड बदलायला जागा नसते. हाफ पँट घालायची लाज वाटते. गुडघ्याखाली नडगीच्या वरच्या टोकाशी दुखतं. वाढीच्या वयात उड्या आणि धावणं जास्त झालं की ते होतं, आणि 'नाटक करतेस' म्हटल्यावर मुलगी पुन्हा बोलत नाही. डिसेंबरात साडेसातला काळोख असतो आणि वस्तीवर घर असेल तर एकटीने जायचं असतं. घरी धाकट्या भावाला सांभाळायचं असतं. यांतल्या काही गोष्टी तू चुटकीसरशी सोडवू शकतेस: किल्ली मागून घेता येते, लेगिंग घालून खेळायला सांगता येतं, दुखणाऱ्या मुलीचे सूर आणि उड्या काही आठवडे कमी करून तिला डॉक्टरकडे पाठवता येतं. आणि सगळं ऐकून घेतल्यावरही ती नको म्हणाली तर तिला नको म्हणू दे. तिला परत आणायचंच असं ठरवून गेलीस तर ते तिला दारातच कळेल.

हे सदर वाचणारे काही मुलगेही कॉलेज करता करता मुलींचे संघ सांभाळतात, त्यांच्यासाठी थोडं. पवित्रा दुरुस्त करायला हात लावायचा असेल तर आधी विचारा. शक्य असेल तिथे दुसऱ्या मुलीकडून करून घ्या. सरावाला दुसरी मोठी व्यक्ती हजर असू द्या, शिक्षिका किंवा कुणाची आई. खेळाडूशी रात्री खासगी मेसेज नकोत, जे सांगायचं ते पालक असलेल्या ग्रुपवर सांगा. आणि एखाद्या मुलीने कुणी त्रास दिल्याचं सांगितलं तर 'बघू' म्हणून ते स्वतःजवळ ठेवू नका. 2012च्या पॉक्सो कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. तुम्ही स्वतः विद्यार्थी आहात म्हणून ती जबाबदारी टळत नाही.

आता तुझं कोरं पान. 'माझ्यात आत्मविश्वास आला, नेतृत्वगुण वाढले' असली वाक्यं तुला लिहवली नाहीत, हे मला फार आवडलं. तशी वाक्यं कुणाच्याही पानावर चालतात. तू एक मुलगी निवड, नावाशिवाय. जूनमध्ये तिच्याकडे पाहून तुला काय वाटलं होतं, तू तिला काय सांगितलंस, त्याचं काय झालं, मग तू काय बदललंस, आणि आज तिच्याबद्दल तुझं मत काय आहे, एवढं लिही. गुडघ्यामुळे तुला करून दाखवता येत नव्हतं. खांबाचा आधार घेऊन कसं वळायचं हे तुझ्या अंगात होतं आणि ते तुला शब्दांत आणावं लागलं. सुरुवातीला तू काय सांगायचीस आणि आता काय सांगतेस? त्या दोन वाक्यांतलं अंतर लिही. त्याच पानावर ओरडण्याबद्दलही लिही, ते का सुरू झालं असं तुला वाटतं यासकट. वाचणारे प्राध्यापक जाणते असतील तर त्यांना याच मजकुराची किंमत कळेल.

आणि यापुढे पान कोरं राहू नये म्हणून एक छोटी वही ठेव. सरावानंतर घरी जाण्याआधी, पायरीवर बसून तीन-चार ओळी. त्यातली एक ओळ खेळाबद्दल नको, एखाद्या मुलीबद्दल असू दे. महिन्यातून एकदा मोबाइल खिशात ठेवून स्वतःचाच आवाज रेकॉर्ड कर आणि घरी ऐक. ऐकवणार नाही, पण ऐक. कुणाचं नाव सारखं येतं, कुणाचं एकदाही येत नाही, किती वाक्यं चूक दाखवणारी आहेत आणि किती वाक्यांत पुढे काय करायचं ते सांगितलं आहे, हे मोज. मुलींकडून नावाशिवाय चिठ्ठ्या घे: ताईने काय चालू ठेवावं, काय थांबवावं. चिठ्ठ्या वाचल्यावर कुणाचं अक्षर आहे हे ओळखायचा प्रयत्न करू नकोस. आणि सरांना एक दिवस मुलींचा खेळ सोडून फक्त तुझ्याकडे पाहायला सांग. तुझी वाढ मोजायला ही साधनं पुरतील आणि तालुक्याचा निकाल मुलींकडे राहील.

त्या पालकांचं बोलणं मनाला लागलं असेल. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वायकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. गावोगावच्या पालकांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि आपल्या मुलीत एक शक्यता त्यांना दिसली. ही चांगलीच गोष्ट आहे. त्यांचं बोलणं तुझ्यावरचा शेरा न समजता एक पालकसभा घे. सहावीतल्या मुलीकडून या वर्षी काय अपेक्षित आहे आणि काय नाही, हे तू समजावून सांग, सरांना शेजारी बसव.

राहिला प्रश्न सोडण्याचा. घरच्यांची काळजी खरी आहे. खो-खोच्या प्रशिक्षणावर घर चालवणारी माणसं थोडी आहेत, शाळांतल्या क्रीडाशिक्षकांच्या जागा भरल्या जात नाहीत, आणि तुला मिळणारं मानधन, तू लिहिलंस तसं, येण्याजाण्यातच जातं. पण रोजचे दोन तास द्यायचे किंवा सगळं सोडायचं, असे दोनच पर्याय तू समोर ठेवलेस. आठवड्यातले तीन दिवस तू आणि उरलेले दिवस सर किंवा एखादी मोठी खेळाडू, असं मागून पाहा. कुठल्या दिवशी तू असशील ते शाळेकडून लेखी घे आणि अनुभवाचं पत्रही आताच मागून ठेव. पदवीनंतर दोन वर्षांचं बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करता येते, त्यासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे सहा आठवड्यांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतात. निर्णय घ्यायच्या आधी त्यांच्या अटी वाचून घे. स्पर्धा परीक्षेला बसलीस तरी हे वर्ष फुकट गेलं असं नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. तुझं राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र त्यात बसतं का, ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचार. फोनवर उत्तर मिळालं तरी प्रत्यक्ष जा आणि मूळ प्रमाणपत्र बरोबर ने.

मला स्वतःला वाटतं की तू लगेच सोडू नयेस. हरल्यानंतरच्या पंधरवड्यात घेतलेला निर्णय हा बहुतेक वेळा त्या हरण्याबद्दलचा असतो. उन्हाळी सुट्टीपर्यंत तीन दिवसांच्या वेळेने काम कर, वही लिही, आणि मेमध्ये ती वही वाचून घरच्यांसमोर बैस. तेव्हा तुला परीक्षेचा अभ्यासच हवासा वाटला तर सरांना तसं नीट सांग आणि संघ कुणाच्या तरी हातात देऊन जा, मुलींना कळवून. तोवर या आठवड्यात दोन कामं: रविवारी त्या मुलीच्या घरी, आणि सोमवारी सरांकडे, थंडीच्या दिवसांतला सराव पाच ते साडेसहा करून मागायला.